करकंबचं वासरू

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. नवजात बाळांच्या वॉर्डात मला बावीस वर्षं झाली. चपला बाहेर काढा, हात कोपरापर्यंत धुवा, काजळ लावू नका, मध चाटवू नका, दारात घोळका करू नका, हा माझा दिवसभराचा जप. नाव धम्मप्रिया, पण लोक माघारी मला 'फटाकडी सिस्टर' म्हणतात. म्हणू देत. बाळ घरी जाताना तेच लोक पेढे घेऊन येतात आणि मी ते खाते.

वॉर्ड मात्र माझ्या स्वभावाच्या अगदी उलट आहे. बाहेर सोलापूरचं ऊन डांबर वितळवत असतं आणि आत निळा उजेड, उबदार पेट्या, यंत्रांचा बारीक आवाज. बाळं झोपेत हसतात, ओठ मुडपतात, कुठल्या मुलखातलं काय बघत असतात त्यांनाच ठाऊक. दुपारी तीनच्या सुमाराला मलाही उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पडायला लागतात. हात आपलं काम करत असतात आणि मन कुठंतरी पाण्यावर तरंगत असतं. काशम्मा मला पहिल्यांदा दिसली ती अशाच वेळेला, काचेच्या पलीकडं. क्षणभर वाटलं, ही बाई माझ्या स्वप्नातच आलीय.

कपाळावर विभूतीचे फिकट पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगावर धुऊन धुऊन मऊ झालेलं इरकल लुगडं. काचेला नाक लावून ती आतल्या बाळाशी बोलत होती. अर्धं कन्नड, अर्धं मराठी.

"अहो मावशी, ती काच पुसायला तुम्ही येणार का?" मी ओरडले.

ती दचकली नाही. "पुसते की अक्का," म्हणाली आणि पदरानं खरंच काच पुसायला लागली. आता अशा बाईवर रागवायचं तरी कसं, सांगा!

तिचं बाळ म्हणजे तिची नात. खिडकीकडून तिसऱ्या पेटीत होती. आठव्या महिन्यात झालेली, पावणेदोन किलोची, छाती भात्यासारखी वरखाली करणारी. अंगभर टाचणीच्या डोक्याएवढे बारीक ठिपके. आई काव्या वरच्या मजल्यावर तापानं पडलेली. बाळ जगतंय की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो त्या काचेपाशी दिवसभर उभा असायचा.

काशम्मा सोलापूरजवळच्या कुंभारी गावची. नवरा शिवप्पा जाऊन बारा वर्षं झाली. दोन गाई, एक म्हैस आणि ही एकुलती एक लेक. रोज सकाळी दोन किटल्या घेऊन ती एस.टी.नं सोलापुरात यायची आणि रतीब घालायची. तिच्या दुधात पाण्याचा थेंब नसतो, यावर लोक पैज लावत. कुणी गमतीनं विचारलंच, "काय काशम्मा, आज विहीर कुठली?" तर ती किटली खाली ठेवून त्याला सात पिढ्यांचं ऐकवायची. मला हे आमच्या आयाबाईनं सांगितलं, तिच्या घरी काशम्माचंच दूध यायचं. ऐकून बरं वाटलं मला. फटकळ बाई दुसऱ्या फटकळ बाईला लगेच ओळखते.

पण काचेपाशी आली की ती फटकळ राहायची नाही. नातीला ती गोष्ट सांगायची, आणि गोष्ट एकाच वासराची. करकंबला तिच्या बहिणीच्या घरी एक कालवड होती म्हणे. काशम्माच्या चंद्री गाईची. कपाळावर चांद, चारी पाय पांढरे, मोजे घातल्यावानी. उसाच्या फडाच्या बांधानं पळते, पाटाच्या पाण्यात स्वतःचं तोंड बघून बिचकते, बहिणीच्या लुगड्याचा पदर चघळते.

"लवकर बरी हो गं बाळे. ती वाट बगती हाय तुजी. तुजी आई रोज इचारायची मला, आज काय केलं वासरानं? मग मी सांगायची."

पहिल्या दिवशी मी ऐकून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सलाईनचा वेग बघताबघता माझेही कान तिकडं लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी मला ते वासरू दिसायलाच लागलं. निळ्या उजेडात, दोन पेट्यांच्या मधून, पांढरे पाय टाकत. खरं सांगते, मी बाजूला सरकले त्याला वाट द्यायला. आयाबाई म्हणाली, "सिस्टर, चहा घ्या, तुम्हाला झोप आलीय." मी तिच्यावर खेकसले, पण चहा घेतला.

त्याच दिवशी बाळाचा श्वास आणखी बिघडला. औषध चालू होतं आणि बाळ काही वर येत नव्हतं. आमचे डॉक्टर अनिलकुमार कमी बोलणारे. ते पेटीपाशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सिस्टर, आठव्या महिन्यातलं बाळ आणि गर्भाचं पाणी हिरवं. मला हे पहिल्या दिवसापासून खटकतंय. वर जाऊन नातेवाइकांशी परत बोलतो. तुम्हीही या."

काव्याला त्यांनी आदल्या दिवशी विचारलं होतं, बाहेरचं काही खाल्लंस का, शिळं, उघड्यावरचं? ती म्हणाली होती, "नाही हो डॉक्टर. सगळं घरचं. अव्वा मला बाहेरचं पाणीसुद्धा पिऊ देत नव्हती." अव्वा म्हणजे तिची आई, काशम्मा. आणि ते शंभर टक्के खरं होतं.

आम्ही वर गेलो तेव्हा काव्या औषधाच्या गुंगीत झोपली होती. उशाशी तिची सासू निंगव्वा, बार्शीहून आलेली, ताठ पाठीची. पायथ्याशी काशम्मा, लेकीचे तळवे चोळत. डॉक्टरांनी आवाज खाली आणला. बाळंतपणाआधी दहा दिवस काव्याला ताप आला होता, अंग दुखलं होतं, ते साधं समजून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. डॉक्टर म्हणाले, "काही जंतू जनावरांत असतात. न तापवलेल्या दुधातूनही माणसात येतात. आईला नुसता ताप येतो, पण पोटातल्या बाळाला ते झोडपतात. आत्ता चालू आहे ते औषध त्या जंतूंना लागू पडत नाही, त्याला दुसरं लागतं. रक्ताचा रिपोर्ट यायला अजून दोन दिवस आहेत आणि तेवढा वेळ बाळाकडं नाही. म्हणून विचारतो, घरी जनावरं आहेत ना तुमच्या? एखादं आजारी होतं? या रोगानं गाई-शेळ्या गाभडतात, दिवस भरायच्या आत गर्भ पडतो."

काशम्माचे हात थांबले. तिनं निंगव्वाकडं बघितलं, मग झोपलेल्या लेकीच्या तोंडाकडं. "न्हाय," ती म्हणाली. "समदं चांगलं हाय आमच्याकडं. गाय व्याली की. वासरू हाय करकंबला."

"आठवलं तर लगेच सांगा," एवढं म्हणून डॉक्टर खाली गेले. मीही निघाले. पण बावीस वर्षांत मी एक शिकले आहे. तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाहीत. काशम्मानं लेकीचा तळवा असा घट्ट धरला होता की झोपेतही त्या पोरीनं पाय ओढून घेतला.

अर्ध्या तासानं ती मला जिन्याखालच्या पाण्याच्या टाकीपाशी सापडली. भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. मी तिच्या समोर जाऊन बसले. माझे गुडघे कुरकुरतात, मी सहसा बसत नाही.

"मावशी, वासराचं नाव काय ठेवलं?" मी विचारलं. का विचारलं ते मलाही माहीत नाही. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मग तिचं तोंड वाकडं झालं.

"अक्का, करकंबला वासरू न्हाय."

"म्हणजे? मेलं?"

"झालंच न्हाय ते. चंद्री गाभडली. पोरगी म्हायेराला आली त्याच म्हैन्यात. आमच्यात ओटी भरत्यात त्याला कुबसा म्हनत्यात, ते होऊन चार दिस झालते. दोगी एकामागोमाग मोकळ्या व्हनार म्हनून मी लई खुशीत हुते. पहाटं गोठ्यात गेले तर ह्ये. मी एकटीच. बांदाला खड्डा काडला, पुरलं, अंगन सारवून घेतलं. सात म्हैन्याची पोटुशी पोर आत झोपलेली, तिला उटल्या उटल्या ह्ये सांगू? दिवसाच्या बाईम्होरं त्यो शबुद काडत न्हाईत आमी. तिच्या पोटावर सावली पडती."

काव्या उठली आणि गोठ्यात आली. वासरू कुठंय म्हणाली. काशम्माच्या तोंडाला जे आलं ते ती बोलून गेली. रातीत व्याली, कालवड झाली, करकंबच्या मावशीला पाहिजे होती म्हणून गडी येऊन घेऊन गेला. असलं लंगडं खोटं मी माझ्या आयुष्यात ऐकलं नाही. पहिल्याच रात्री वासरू कोण नेतं? पण आईवर संशय कोण घेतं हो? काव्या शहाण्यासारखी हसली आणि म्हणाली, "कपाळावर चांद आहे का गं?" काशम्मा म्हणाली, "हाय की." आणि मग ते वासरू रोज वाढत गेलं.

"पन व्यालेली गाय म्हनल्यावर दूद आलं की," काशम्मा म्हणाली. "थोडं हुतं, पन हुतं. आनि दूद आलं म्हनल्यावर पोरीला धार द्यायलाच पायजे. आमच्यात पोटुशीला धारेचंच देत्यात, कासेखालचं, ऊन ऊन. त्यानं बाळ गुटगुटीत हुतंय. न्हाय दिलं असतं तर तिनं इचारलं नसतं व्हय? मी तिला चंद्रीपाशी पाटावर बसवायची. पितळी पेला कासेखाली धरायची. तिच्या वटावर फेसाची मिशी यायची अन् ती हसायची. अक्का, मी माज्या हातानं पाजलं. म्हैनाभर."

मी चिडले. कबूल करते, भयंकर चिडले. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? वर डॉक्टर जीव तोडून विचारत होते आणि तुम्ही गप्प? शकुन-अपशकुन सांभाळत बसलात? ते एवढंसं लेकरू आत श्वासासाठी मरतंय!" माझा आवाज पार जिन्यावर गेला. आमच्या घरात असल्या गोष्टींना कधी थारा नव्हता. माझी आई नागूबाई अमावास्येला मुद्दाम नवं काम सुरू करायची. त्यामुळं हे असलं काही ऐकलं की माझ्या डोक्यात जातं.

काशम्मा खाली मान घालून म्हणाली, "मारा मला अक्का. पन निंगव्वाम्होरं, बिननावाच्या लेकराची आई तितंच निजलेली असताना, कसा काडू त्यो शबुद? काडला आनि खरंच झालं तर?"

तेव्हा मात्र माझा आवाज बसला. कारण आमच्या वॉर्डात एक रीत आहे आणि ती मीच नव्या पोरींना शिकवते. 'आज वॉर्ड शांत आहे' असं कधी म्हणायचं नाही. म्हटलं की तासाभरात तीन बाळं येतात. नागूबाईची लेक बावीस वर्षांत हे वाक्य एकदाही बोललेली नाही. मग मी या बाईला काय शिकवणार, कपाळ?

मी तिचा हात धरला. "चला. शब्द काढल्यानं नाही, न काढल्यानं खरं होईल आता. उठा."

डॉक्टरांसमोर ती उभी राहिली, पदर तोंडाला लावून. आणि तिनं सगळं सांगितलं, खड्ड्यापासून फेसाच्या मिशीपर्यंत. डॉक्टर रागावले नाहीत. "बरं झालं सांगितलंत," म्हणाले आणि लगेच लिहायला लागले. दहा मिनिटांत मी बाळाला नवं औषध सोडलं.

एक गोष्ट उरली होती. किती दिवस, रोज किती, तापवलेलं एकदा तरी होतं का, हे डॉक्टरांना काव्याकडून पक्कं करून घ्यायचं होतं. काव्यालाही तेच औषध द्यायचं होतं. त्यामुळं तिला कळलंच. ती जागी होऊन ऐकत होती. उत्तरं नीट दिली तिनं. शेवटी आईकडं बघून एवढंच म्हणाली, "वासरू नव्हतंच?" काशम्मानं मान हलवली. काव्या भिंतीकडं वळून झोपली आणि नंतर आईशी एक शब्द बोलली नाही.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. लिस्टेरिया, कच्च्या दुधातून येणारे जंतू. डॉक्टरांना वाटलं होतं तेच. तोवर बाळाची छाती जरा संथ झाली होती. चौथ्या दिवशी ठिपके विरले. सहाव्या दिवशी तिनं माझं बोट धरलं आणि मी, फटाकडी सिस्टर, तिथं उभ्या उभ्या रडले. धोका पुरता टळला नव्हता. औषध तीन आठवडे द्यायचं होतं. पण बाळ आमच्या बाजूला वळलं होतं, हे आम्हाला कळतं.

काशम्मा त्या दिवसांत सकाळी यायची आणि संध्याकाळी जायची. काचेपाशी उभी राहायची, पण आता गोष्ट नव्हती. तोंड बंद. मला ती शांतता सोसेना. दुपारी तीन वाजता मी डोळे मिटून ते पांढऱ्या पायांचं जनावर शोधायची आणि मला नुसता निळा उजेड दिसायचा. रागावून गेलो आपण आणि त्या बिचारीकडचं सगळंच संपवून टाकलं, असं मनात यायचं. मग मी स्वतःवरच चिडायची. नसलेल्या वासरासाठी कोण झुरतं, वेडे!

आयाबाईनं मला सांगितलं, काशम्मानं रतीब थांबवला. सरकारी दवाखान्यातला जनावरांचा डॉक्टर येऊन चंद्रीचं रक्त घेऊन गेला. दूध तापवून घेत असाल तर भ्यायचं कारण नाही, असं आमच्या डॉक्टरांनी तिला दोनदा समजावलं होतं. तरी ती रिकाम्या हातानं रतीबाच्या प्रत्येक दारात गेली. "माजी गाय गाभडली हुती. मी सांगितलं न्हवतं. तुमच्यात कुनी दिवसाची हाय का? कच्चं दूद कुनी घेतलंय का?" एका बाईनं तिच्या तोंडावर दार लावलं. दुसरीनं चहा विचारला. जो शब्द ती घरात काढू शकली नाही, तो तिनं अख्ख्या गल्लीत काढला.

मी हे काव्याला सांगितलं. मला कुणी सांगायला लावलं नव्हतं, नाक खुपसायची सवयच आहे मला. काव्या बाळाला पाजत होती. खाली बघत म्हणाली, "सिस्टर, मला दुधाचा राग नाही. तिला कुठं माहीत होतं? पण ती महिनाभर मला खोटं सांगून हसवत होती आणि मी हसत होते. आता ती काय पण बोलली तरी मला वाटेल, हे खरं का खोटं?"

मी बाळाची ढेकर काढून दिली आणि निघाले.

बाविसाव्या दिवशी सकाळी सुट्टी झाली. काव्याचा नवरा प्रभु बार्शीहून गाडी घेऊन आला होता. खरं तर बाळंतीण माहेरी जाते, कुंभारीला. पण निंगव्वानं ठरवलं होतं, पोर थेट बार्शीला. त्यांचंही चुकलं असं कसं म्हणू? काशम्मा आदल्या रात्रीपासून तयारी करून आली होती. लेकीला बाळंतविडा, बाळाला दुपटी, टोपरी. तिला गाडीपाशी गेल्यावर कळलं. पिशवी प्रभुच्या हातात दिली आणि मागं सरकली. मी सूचना सांगत होते. दूध उकळी आल्याशिवाय घरात कुणी घ्यायचं नाही, बाळाला ताप वाटला तर लगेच आणायचं, कानाची तपासणी चुकवायची नाही. कुणी ऐकत होतं का देव जाणे.

काव्या बाळाला घेऊन मागच्या सीटवर बसली. दार उघडंच होतं. तीन आठवड्यांनी ती आईशी पहिल्यांदा बोलली. "अव्वा, यापुढं मला सगळं सांगायचं. वाईट असलं तरी. अशुभ असलं तरी. सांगशील?"

काशम्मा दाराची कड धरून उभी होती. "सांगीन," म्हणाली. "तर मग आत्ताच सांगते. तुज्या आदी एक झालता मला. पोरगा. अकरा दिसांचा होऊन गेला. तुला पोरं व्हायची हुती, म्हनून कदी बोलले न्हाय. कुनापाशीच न्हाय."

"अगं बाई!" निंगव्वा ओरडल्या. "निघायच्या वक्ताला, लेकराला मांडीवर घेऊन असलं काय ऐकवायचं! प्रभु, दार लाव रे."

प्रभुनं दाराला हात घातला. काव्यानं तो हात बाजूला केला. बाळाला छातीशी धरून ती सरकत सरकत पलीकडच्या खिडकीपर्यंत गेली आणि सीटवर जागा केली.

"अव्वा, आत ये," ती म्हणाली. "बार्शीपर्यंत रस्ता आहे. बस इथं, आणि त्याचं सगळं सांग मला."